बंद पडली, बंद केली, की सोडून दिली? गोव्याच्या लोखंडाच्या खाणींवरचे तीन दस्तऐवज वाचताना

पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये खाणींबद्दल काही लिहायचं ठरवलं, की एक शब्द पहिल्याच पानावर येऊन बसतो: 'परित्यक्त खाण'. शब्द भारदस्त आहे, इंग्रजीतल्या 'अबॅन्डन्ड माइन'च्या जागी बिनबोभाट बसतो आणि सहसा कुणी त्याला हटकत नाही. या पोस्टमध्ये मी त्याला हटकणार आहे. कारण हा शब्द लिहिला की संशोधनाचा अर्धा प्रश्न विचारण्याआधीच मिटतो.

आपण बोलताना काय म्हणतो ते आठवा. गिरणी 'बंद पडली' म्हटलं की दोष कुणाचाच नसतो, पडली बिचारी. 'बंद केली' म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, कुणी केली? आणि 'सोडून दिली' म्हटलं की सोडून जाणारा एक माणूस डोळ्यांसमोर येतो, त्याच्या हातात तेव्हा किल्ल्या होत्या. तीन क्रियापदं, तीन वेगळे कर्ते. 'परित्यक्त' या विशेषणात हे तिन्ही कर्ते गडप होतात. उरतो तो फक्त खड्डा, जणू तो आपोआप झाला आणि आपोआप ओसाड पडला.

उदाहरण म्हणून मी उत्तर गोव्यातल्या डिचोली तालुक्याच्या खाणपट्ट्याकडे, विशेषतः शिरगावकडे बघणार आहे. मी राहते नेरूळजवळ सारसोळ्याला. इथून गोव्याच्या खाणींबद्दल काय बोलायचं, असं वाटेल तुम्हाला. पण अशा विषयाचं सुरुवातीचं काम कागदांवरच असतं, आणि ते कागद पणजीत उघडतात तसेच सारसोळ्यातही उघडतात. फील्डवर आपण काय बघणार हे बऱ्याच अंशी या वाचनात ठरतं. म्हणून आज तीन दस्तऐवज वाचू: एक आयोगाचा अहवाल, एक निकालपत्र आणि एक पुस्तक. तिन्ही महत्त्वाचे आहेत, आणि तिन्ही एका ठरावीक जागी येऊन थांबतात. ती जागा दाखवणं हा या पोस्टचा हेतू.

आधी तारखा

गोव्यातल्या खाणींची मूळ मालकी समजायला पोर्तुगीज काळात जावं लागतं. १९०६च्या पोर्तुगीज खाण कायद्याखाली तिथे 'कन्सेशन' दिली गेली. ती मुदतीची नव्हती, कायमची होती. लोहखनिजाची निर्यात खरी वाढली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, जपानच्या पोलाद कारखान्यांना माल लागू लागला तेव्हा. व्यवस्था अशी होती: खाणीतून ट्रक, ट्रकमधून मांडवी-जुवारीच्या काठावरची जेटी, जेटीवरून बार्ज, बार्जमधून मुरगाव बंदर. नदी नसती तर एवढं कमी लोखंड असलेलं खनिज परदेशी पाठवणं परवडलंच नसतं. म्हणून या खाणींचे अवशेष शोधायचे तर डोंगरात शोधावे लागतात, तसेच नदीकाठीही.

१९६१मध्ये गोवा मुक्त झाला, पण कन्सेशनचं लीजमध्ये रूपांतर करणारा कायदा आला थेट १९८७मध्ये. त्याने कन्सेशन २० डिसेंबर १९६१पासून रद्द झाल्याचं मानलं. २०००नंतर चीनची मागणी आली आणि उत्खनन पूर्वी कधी नव्हतं इतकं वाढलं. पुढचा क्रम नीट लिहून ठेवा:

- २२ नोव्हेंबर २००७: लीजच्या पहिल्या नूतनीकरणाची मुदत संपली. खाणी मात्र चालू राहिल्या.
- ७ सप्टेंबर २०१२: न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगाचा गोव्याबद्दलचा अहवाल संसदेत मांडला गेला. तीन दिवसांनी राज्य सरकारने खाणकाम स्थगित केलं, आठवड्याभरात केंद्राने पर्यावरण परवाने रोखले.
- ५ ऑक्टोबर २०१२: सर्वोच्च न्यायालयाची बंदी.
- २१ एप्रिल २०१४: गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर निकाल. बंदी अटींसह उठली.
- २०१५: ८८ लीजचं दुसरं नूतनीकरण झालेलं होतं, खाणी पुन्हा सुरू झाल्या.
- ७ फेब्रुवारी २०१८: न्यायालयाने ती सर्व ८८ नूतनीकरणं रद्द केली. मार्चच्या मध्यापासून काम थांबलं.
- जानेवारी २०२०: आधीच काढून ठेवलेला, रॉयल्टी भरलेला माल हलवायला न्यायालयाची परवानगी.
- डिसेंबर २०२२: खाण ब्लॉकचे लिलाव सुरू. डिचोलीचा ब्लॉक वेदांत कंपनीकडे गेला आणि २०२४मध्ये तिथे पुन्हा काम सुरू झालं.

आता सांगा, डिचोलीची खाण 'परित्यक्त' कधी होती? कायद्याने बघाल तर २००७पासून लीजच नव्हती, तरी मालाने भरलेले ट्रक रोज धावत होते. प्रत्यक्षात बघाल तर २०१८मध्ये यंत्रं थांबली, पण दोन वर्षांनी परवानगी आली आणि साठा हलू लागला. कागद चालू तेव्हा खाण बंद, खाण चालू तेव्हा कागद बंद, असंही या यादीत दिसतं. गोव्यातल्या मराठी वर्तमानपत्रांनी या काळासाठी रुळवलेला शब्द बघा: 'खाणबंदी'. दारूबंदी, नोटबंदी यांच्या रांगेतला शब्द. त्यात बंदी घालणारा कुणीतरी आहे हे स्पष्ट आहे. वर्तमानपत्राचा हा रोजचा शब्द आपल्या सिनॉप्सिसमधल्या भारदस्त शब्दापेक्षा जास्त अचूक आहे.

पहिला दस्तऐवज: शाह आयोगाचा अहवाल

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१०मध्ये हा आयोग नेमला. काम: देशभरातल्या लोहखनिज आणि मँगनीजच्या बेकायदा उत्खननाची चौकशी. गोव्याच्या अहवालातला सर्वांच्या लक्षात राहिलेला आकडा म्हणजे सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचं नुकसान. बातम्यांचे मथळे त्यावरच झाले आणि आजही लेखांच्या पहिल्या परिच्छेदात तोच येतो.

अहवालाचं बळ कशात आहे? तो कागद एकमेकांसमोर ठेवतो. लीजची हद्द एका कागदावर, उत्खननाची जागा दुसऱ्यावर, निर्यातीचे आकडे तिसऱ्यावर, पर्यावरण परवान्यातली मर्यादा चौथ्यावर. चार खात्यांचे चार कागद कधी एका टेबलावर आलेच नव्हते. ते आणल्यावर तफावत आपोआप दिसली. संशोधनाची पद्धत म्हणून हे शिकण्यासारखं आहे. तुमच्या विषयात नवा डेटा गोळा करण्याआधी बघा, सरकारकडे असलेले दोन जुने डेटा कुणी शेजारी ठेवून पाहिलेत का.

कच्चा दुवा कुठे आहे? पहिला प्रक्रियेचा. ज्यांच्यावर ठपका ठेवला जातोय त्यांना चौकशी आयोग कायद्यानुसार म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. लीजधारकांना ती मिळाली नाही, हा मुद्दा पुढे सर्वोच्च न्यायालयातही निघाला, आणि केवळ या अहवालाच्या निष्कर्षांवर खटले भरण्याचा आदेश द्यायला न्यायालयाने नकार दिला. म्हणजे अहवाल खोटा ठरला का? नाही. पण 'आयोगाने म्हटलं' आणि 'सिद्ध झालं' यांत अंतर आहे, आणि प्रबंधात हे अंतर दिसलं पाहिजे. ३५ हजार कोटींचा आकडा लिहाल तेव्हा शेजारी 'आयोगाच्या अंदाजानुसार' एवढे दोन शब्द लिहाच. व्हायवामध्ये हेच दोन शब्द तुम्हाला वाचवतील.

दुसरा दुवा जास्त खोल आहे. अहवाल खाण मोजतो ती टन, हेक्टर आणि रुपये या तीन मापांत. त्यामुळे खाणीतून जे बाहेर गेलं तेच दिसतं. मागे जे राहिलं, म्हणजे खड्डा, डंप, नदीतला गाळ, आटलेली विहीर, ते या मापांत 'उल्लंघन' म्हणून नोंदलं जातं, पण ठिकाण म्हणून दिसत नाही. चोरी किती झाली याचा हा पंचनामा आहे. घरात मागे काय उरलं, तो त्याचा विषय नव्हता.

दुसरा दस्तऐवज: २०१४चा निकाल

कायदा शिकलेला नसलात तरी हा निकाल वाचा. युक्तिवाद कसा बांधावा याचा तो नमुना आहे. आयोगाचे आकडे वादात होते. न्यायालयाने त्या वादात न शिरता एक साधा प्रश्न धरला: लीजची मुदत कधी संपली? १९८७च्या कायद्यावरून चालत गेलं की उत्तर येतं २२ नोव्हेंबर २००७. मग त्यानंतर सप्टेंबर २०१२पर्यंत झालेलं सगळं खाणकाम बेकायदा. किती टन जास्त काढले, कुणी हद्द किती ओलांडली, याची गरजच उरली नाही. मोठा, वादग्रस्त आकडा सिद्ध करत बसण्यापेक्षा लहान, निर्विवाद तारखेवर उभं राहणं किती भक्कम असतं ते इथे दिसतं.

निकालाने लीजच्या हद्दीबाहेर डंप टाकायला मनाई केली, अभयारण्यांच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम थांबवलं, विक्रीच्या रकमेतले १० टक्के पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितले आणि वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली.

या शेवटच्या आकड्यावर जरा थांबा. २ कोटी टन कशाचे? खनिजाचे. गोव्यात एक टन खनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला काढावा लागतो. म्हणजे मर्यादेच्या आत राहूनही वर्षाला ५ ते ६ कोटी टन टाकाऊ माल कुठेतरी रचावा लागणार. मर्यादा बोटीत चढणाऱ्या मालावर आली. गावात राहणारा माल त्याच्या अडीच-तीन पट, आणि या एका आकड्यात तो दिसत नाही. डंपचा विचार निकालात आहे, त्यासाठी तज्ज्ञ समितीही आहे. तरी टोपीवर, म्हणजे या वरच्या मर्यादेवर, लिहिलेला आकडा निर्यातदाराच्या भाषेतला आहे. हा गुणाकार तुम्ही-मी कुणीही करू शकतो. दस्तऐवजाची टीका म्हणजे त्याला शिव्या देणं नव्हे. त्याने मोजलेल्या गोष्टीशेजारी न मोजलेली गोष्ट ठेवणं.

तिसरा दस्तऐवज: 'ईट डस्ट'

हार्टमन डिसोझा यांचं हे इंग्रजी पुस्तक २०१५मध्ये आलं. लेखक पत्रकार आणि रंगकर्मी. विषय मुख्यतः दक्षिणेकडच्या केपे तालुक्यातल्या खाणी. डिचोलीपासून हा भाग दूर आहे, पण आधीच्या दोन दस्तऐवजांना जे जमत नाही ते इथे सापडतं म्हणून मी ते मुद्दाम घेतलंय. लेखक आंदोलनाच्या बाजूला उभा आहे आणि ते लपवत नाही. धूळ, पाणी, रस्ता अडवलेले लोक, पोलीस, स्वतःचा संताप हे सगळं पुस्तकात आहे.

रिसर्चच्या वर्गात अशा पुस्तकाला 'बायस्ड' म्हणून बाजूला ठेवायची घाई होते. ती करू नका. उभं राहायची जागा प्रत्येकाला असते. आयोगाची जागा खात्यांच्या फायलींत आहे, न्यायालयाची कायद्याच्या कलमांत. या लेखकाने आपली जागा निदान सांगितली आहे. तुम्ही बघायचं ते एवढंच, की त्या जागेवरून काय दिसतं आणि काय मागे पडतं.

मागे पडतं ते ट्रकमालकाचं गणित. खाणपट्ट्यातल्या कितीतरी घरांनी तेजीच्या काळात कर्ज काढून ट्रक घेतले. ज्या अंगणात धूळ येत होती त्याच अंगणात ट्रक उभा होता. शेत गाळाने गेलं म्हणून ट्रक घेतला, की ट्रक घेतला म्हणून शेताकडे बघितलं नाही, हा प्रश्न घरागणिक वेगळा आहे. खाणबंदीनंतर 'खाण अवलंबित' ही नवी ओळख तयार झाली, तिचे मोर्चे निघाले, कर्जांसाठी सरकारी योजना आल्या. खाणविरोधी गाव आणि खाण अवलंबित गाव ही बऱ्याचदा एकाच गावाची दोन नावं असतात. संतापाने लिहिलेल्या पुस्तकाच्या केंद्रात हे गणित येत नाही, आणि त्याची अपेक्षाही धरू नये. ते काम संशोधकाचं आहे. तिथे तुम्हाला जागा आहे.

चौथा दस्तऐवज जमिनीवर आहे

आता या तिन्हींचं थांबायचं ठिकाण बघा. आयोग नुकसानीच्या आकड्यावर थांबतो, निकाल बंदी आणि अटींवर, पुस्तक लढ्यावर. यंत्रं थांबल्यानंतरची खाण कशी वाचायची ते तिघेही सांगत नाहीत. 'परित्यक्त' हा शब्द नेमका याच रिकाम्या जागेत शिरतो. त्याला तिथून हलवायचं तर अवशेषच दस्तऐवजासारखे वाचायला लागतील. तीन वस्तू घेऊ.

पहिली, खड्डा. गोव्यात वर जांभा, खाली भुसभुशीत खनिजाचा थर, आणि हा थर पाणी धरून ठेवतो. खाण पाण्याच्या पातळीखाली गेली, काही ठिकाणी तर समुद्रसपाटीच्याही खाली, की काम चालू ठेवायला पंप लावून पाणी सतत उपसावं लागतं. उपसा झाला की आजूबाजूच्या विहिरींची पातळी उतरते. लईराई देवीच्या जत्रेसाठी सगळा गोवा ज्या शिरगावला येतो, तिथल्या विहिरी आणि झऱ्यांचा प्रश्न खाणी पूर्ण जोरात असतानाच उच्च न्यायालयात गेला होता, आणि नागपूरच्या नीरी संस्थेकडून अभ्यास करून घ्यावा लागला होता. खाण थांबली की पंप थांबतो आणि खड्डा भरू लागतो. फोटोत दिसणारं ते हिरवट-निळं सुंदर तळं म्हणजे थांबलेल्या पंपाची नोंद आहे. पावसाळ्यात ते तुडुंब भरलं तर पाणी शेतात उतरेल का, काठ ढासळेल का, ही धास्ती खालच्या वाड्यांना असते. म्हणजे यंत्रं बंद असली तरी कुणीतरी खड्ड्यावर लक्ष ठेवावंच लागतं. राखण करावी लागते अशा जागेला 'सोडून दिलेली' कसं म्हणायचं?

दुसरी, डंप. लांबून डोंगर वाटतो, जवळून पायऱ्या दिसतात, वर ऑस्ट्रेलियन अकेशियाची एकसारखी झाडं. हा टाकाऊ माल, असं आपण म्हणतो. पण टाकाऊ म्हणजे काय ते कोण ठरवतं? खनिज म्हणायला किमान किती लोखंड असावं हे भारतीय खाण ब्यूरो ठरवतो. त्याचं मुख्यालय नागपूरला आहे. हेमॅटाइटसाठी ही मर्यादा आधी ५५ टक्के होती, २००९मध्ये ती ४५ टक्क्यांवर आली. म्हणजे कालपर्यंत कचरा असलेल्या मातीचा बराच भाग एका परिपत्रकाने खनिज झाला. डंप जागचा हलला नाही, त्याचं नाव बदललं. चीनला कमी प्रतीचा मालही चालत होता, त्यामुळे जुने डंप पुन्हा उकरले गेले. आजही डंप कुणाच्या मालकीचे आणि ते कसे उचलायचे यावर धोरणं आणि वाद चालू आहेत. तेव्हा डंपला 'अवशेष' म्हणतानाही सावध राहा. कुणाच्या तरी हिशेबात तो अजून माल आहे.

तिसरी, नदीकाठ. आमोणे, सुर्ला, सारमानस या भागांत मांडवीच्या खोऱ्यात जेट्या दिसतात, चढवायच्या पट्ट्यांचे सांगाडे, वजनकाटे, गंजत उभे बार्ज. खाण म्हणजे डोंगरातला खड्डा एवढंच धरून बसलात तर हे सगळं हातचं जाईल. बार्जवरचा खलाशी, जेटीवरचा मजूर, कोपऱ्यावरचं गॅरेज, चहाची टपरी यांच्यासाठी खाण इथे होती, आणि 'बंद पडली' हे क्रियापद त्यांच्या तोंडी चपखल बसतं. त्यांनी काही बंद केलं नव्हतं आणि सोडूनही दिलं नव्हतं.

मग 'परित्यक्त' म्हटलं तर बिघडतं काय?

दोन गोष्टी बिघडतात, आणि दोन्ही कागदापुरत्या राहत नाहीत.

एक, जबाबदारी. आपल्या नियमांत खाण मनाला येईल तेव्हा सोडून जाता येत नाही. २००३पासून प्रत्येक खाणीला बंद करण्याचा आराखडा लागतो: काम चालू असताना टप्प्याटप्प्याचा, आणि शेवटी अंतिम. खड्ड्याचं काय, डंपचं काय, पाण्याचं काय, कामगारांचं काय, हे त्यात लिहायचं असतं. हा आराखडा लीजधारकाने द्यायचा. आता न्यायालयाने लीजच रद्द केली, सरकारने २०२२मध्ये जुन्या लीजधारकांना जागा सोडायला सांगितलं आणि नंतर तोच भाग लिलावात दुसऱ्या कंपनीकडे गेला, तर पन्नास-साठ वर्षांच्या खोदकामाचा हिशेब कुणी द्यायचा? हा प्रश्न खरोखरचा आहे, आणि त्यावर प्रबंध होऊ शकतो. पण 'परित्यक्त' लिहिलंत की उत्तर आधीच देऊन मोकळे होता: कुणाचीच नाही, पडली बिचारी.

दोन, माणसं. 'परित्यक्त' जागा रिकामी वाटते. रिकामी जागा वाटून देता येते, लिलावात घालता येते, पर्यटनाच्या आराखड्यात रंगवता येते. पण डिचोली आणि शिरगाव-मये इथले ब्लॉक लिलावात गेले तेव्हा हद्दीत घरं, शेतं, देवळं येतात ही तिथल्या लोकांची तक्रार पुढे आली. नकाशावर ती जागा खाण होती. लोकांच्या लेखी ते गाव होतं आणि मध्ये खड्डा होता. आपले प्रबंध फार लोक वाचत नाहीत असं आपण गमतीने म्हणतो, पण पर्यावरण अहवाल लिहिणारे सल्लागार ते वाचतात आणि त्यातले शब्द उचलतात. म्हणून शब्द निवडताना जरा जपून.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

हे गोव्यापुरतं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातलं लोहारा घ्या. १८८२मध्ये फॉन श्वार्त्झ या जर्मन भूवैज्ञानिकाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाबद्दलचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि पोलाद कारखान्याचा विचार त्यांच्या मनात तिथून रुजला. पण जवळच्या वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला योग्य ठरला नाही आणि पुढे कारखाना झाला तो साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. लोहाऱ्याच्या या योजनेला काय म्हणाल? बंद पडली नाही, बंद केली नाही. सुरूच झाली नाही. तिचे अवशेष फक्त कागदावर आहेत, आणि तोही इतिहासच आहे.

आणि लांब जायचं नसेल तर आमच्याकडे बघा. सायन-पनवेल रस्त्यावरून तुर्भे-नेरूळकडे येताना डोंगराच्या अंगावर जे कापलेले कडे दिसतात त्या दगडखाणी. लोखंडाच्या नव्हेत, काळ्या पाषाणाच्या. १९७०मध्ये सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्यांत सारसोळेही आलं, आणि नव्या शहराला खडी लागली. पहिल्या फील्डवर्कचा सराव करायला यापेक्षा सोयीची जागा नाही. तिथे तेच तीन प्रश्न विचारा: बंद पडली, बंद केली, की सोडून दिली? उत्तर देणारा माणूस बदलला की क्रियापद बदलतं का ते नोंदवा.

कामाला लागण्याआधी चार गोष्टी करून बघा.

पहिली, तारखांचा तक्ता. एका रकान्यात कागद काय म्हणतो, दुसऱ्यात जमिनीवर काय चालू होतं, तिसऱ्यात हे कुणाकडून कळलं. तिन्ही रकाने जिथे जुळत नाहीत तिथे तुमचं प्रकरण आहे.

दुसरी, उपग्रहाची चित्रं. लँडसॅटचा १९७२पासूनचा संग्रह फुकट मिळतो. एकाच खड्ड्याचं नोव्हेंबरचं आणि मेचं चित्र, असं वर्षावर्षाला काढा. पाण्याचा आकार कधी वाढतो, कधी अचानक आटतो ते बघा. पंप कधी चालू होता याचा अंदाज येतो आणि तो सरकारी तारखांशी ताडून बघता येतो.

तिसरी, प्रत्येक आकड्याला 'कशाचा?' असं विचारा. टन खनिजाचे की मातीचे? हेक्टर लीजचे की खणलेले? नुकसान कुणाच्या अंदाजाने, कोणत्या वर्षांतलं?

चौथी, सिनॉप्सिसमधून 'परित्यक्त' शोधा आणि प्रत्येक ठिकाणी कर्ता असलेलं वाक्य लिहा. 'ही खाण परित्यक्त आहे' याऐवजी 'सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१८मध्ये काम थांबलं, खड्ड्याची देखरेख अमुक यंत्रणा करते, डंपवर तमुकाचा दावा आहे'. वाक्य लांब होईल. त्यात रिकाम्या जागा राहतील, 'अमुक' आणि 'तमुक' भरता येणार नाहीत. त्या रिकाम्या जागा म्हणजेच तुमचे संशोधन-प्रश्न. गाइडना पुढच्या वेळी भेटाल तेव्हा विषय सांगू नका, ही रिकामी वाक्यं वाचून दाखवा.